शेफ व्हायचंय, कर्ज काढायचंय : इंदूरच्या एका मामाची वही

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी भाचीनं जाहीर केलं की तिला किचनमध्ये जायचंय. रामबागेतल्या त्यांच्या ओसरीवर आम्ही पोहे खात बसलो होतो. भाऊजींनी पोह्यांवर जिरावण भुरभुरलं आणि म्हणाले, "चार लाख घालून शेवटी छप्पनवर ठेलाच लावायचा ना?" छप्पन दुकान ही इंदूरची खाऊगल्ली, तिथल्या दुकानवाल्यांची कमाई त्यांना ठाऊक नसावी. ताई काही बोलली नाही, तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बँकेतून निवृत्त झालेला, शेवटची बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर काढलेली. तेव्हा कागदपत्रं माझ्या गळ्यात पडली.

एक कबुली आधीच देतो. खुर्चीवर असताना हॉटेल मॅनेजमेंटसाठी कर्ज मागायला आलेल्या दोन मुलांना मी तोंडी परत पाठवलंय. 'यात नोकरी कुठं आहे?' असं म्हणून. ते चुकीचं होतं आणि नियमातही बसत नव्हतं. भाचीच्या वेळी काउंटरच्या पलीकडून तसंच वाक्य ऐकायला मिळालं. त्या तीन-चार वर्षांत जे वहीत टिपलं, ते इथे लावून देतो.

आधी दोन महिने कांदा चिरा

प्रवेश आणि कर्ज या दोन्हींच्या आधीची ही पायरी आहे, आणि बहुतेक घरांत नेमकी हीच गाळतात. घरी केक छान होतो म्हणून हॉटेलच्या किचनमध्ये निभाव लागेलच असं नाही.

इंदुरात याची सोय सोपी आहे. तुळशीचं लग्न झालं की केटररांना माणसं कमी पडायला लागतात. ओळखीच्या एका केटररकडे भाची लग्नसराईत जायला लागली, बिनपगारी. पहिले चार दिवस फक्त कांदा आणि कोथिंबीर. पाचव्या दिवशी तिथल्या महाराजांनी, म्हणजे मुख्य आचाऱ्यांनी, तिचा डावा हात धरून पाटावर ठेवला, बोटांची टोकं आत वळवली आणि म्हणाले, "बेटा, चाकू को नाखून नहीं दिखाना." पुढे कॉलेजात चाकूचा पहिला तास झाला, तेव्हा सरांनी हीच पकड शिकवली, फक्त नाव फ्रेंच होतं.

या दोन महिन्यांत रोज रात्री वहीत चार गोष्टी लिहा : किती तास उभे होतात, पाय कुठे दुखले, कोण ओरडलं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. चौथी महत्त्वाची. किचनमध्ये गर्दीच्या वेळी ओरडा बसतोच. रडू येणं चालतं, काम सोडून बाहेर जाणं चालत नाही. आणि दिवाळी, ३१ डिसेंबर, लग्नाचे मुहूर्त हे सगळे कामाचे दिवस. सबंध घर लक्ष्मीपूजनाला बसलेलं असताना मुलगी बँक्वेटच्या किचनमध्ये असणार, हे आईवडिलांनीही त्या दोन महिन्यांत पचवून घ्यावं.

मन इथेच उडालं, तर काही लाख वाचले. त्यात कमीपणा काही नाही.

कोर्स निवडताना कागद बघा, फोटो नको

केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाखाली राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषद आहे, १९८२ साली स्थापन झालेली. देशभरातल्या आय.एच.एम. (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) संस्थांचा अभ्यासक्रम ती ठरवते. बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी एन.सी.एच.एम.-जे.ई.ई. ही परीक्षा असते. बारावीची शाखा कुठलीही चालते, पण इंग्रजी विषय हवा. आपल्याला जवळच्या म्हणजे ग्वाल्हेर आणि भोपाळच्या केंद्रीय संस्था. गुजरातच्या बाजूला नातेवाईक असतील तर गांधीनगरची, मुंबईत असतील तर दादरची. इंदुरातही राज्य सरकारची संस्था आहे. अर्ज हिवाळ्यात निघतात, म्हणून बारावीच्या दिवाळीपासूनच डोळा ठेवा.

या बी.एस्सी.त स्वयंपाक हा एक भाग आहे. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस हेही शिकावं लागतं. भाची ग्वाल्हेरला शिकली, तिनं पहिल्या वर्षी पलंगपोसाचे कोपरे घालताना बरीच चिडचिड केली. निव्वळ किचनच हवं असेल तर इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट आहे, तिरुपती आणि नोएडाला. तिची पदवी अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाशी जोडलेली, म्हणजे आपल्याच राज्यातल्या. खासगीत मणिपालचा कलिनरी आर्ट्सचा कोर्स जुना आणि नावाजलेला, पण त्याच्या फीचं गणित वेगळं.

पदवी नकोच असेल तर दहावीनंतर फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट्समनशिप कोर्स आहे, साधारण दीड वर्षाचा. आय.टी.आय.त फूड प्रॉडक्शन, बेकर-कन्फेक्शनर असे ट्रेड असतात, तिथे फी नावापुरती. ज्याला हात चालवायचाय आणि घरी पैशांची ओढ आहे, त्यानं आधी इकडे बघावं. लोकांना हे कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही.

चकचकीत अकादम्यांबद्दल एवढंच सांगतो : पदवी किंवा डिप्लोमा कोण देतं, हे लेखी मागा. विद्यापीठाचं नाव, मान्यतेचं पत्र. ते मिळत नसेल तर बँकेतही काम होणार नाही, कारण शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत मान्यताप्राप्त संस्थेचाच कोर्स बसतो. भिंतीवरचे विदेशी शेफचे फोटो फायलीला लावता येत नाहीत.

खर्चाचा कागद

फीच्या रकान्याखाली लोक रेघ मारतात आणि तिथेच फसतात. केंद्रीय संस्थेची फी वर्षाला साधारण लाख-सव्वा लाखाच्या आसपास धरा, नेमका आकडा त्या वर्षीच्या पत्रकात मिळेल. त्याच्याखाली हे सगळं लिहा : वसतिगृह, मेस, डिपॉझिट, चाकूंचा संच, शेफकोटाचे निदान तीन जोड, ॲप्रन, टोपी, चौकड्यांची पँट, न घसरणारे बूट, प्रॅक्टिकलच्या वह्या, लॅपटॉप, जाण्यायेण्याची तिकिटं.

बुटांत काटकसर करू नका. भाचीनं राजवाड्याजवळून स्वस्तातले घेतले. तेलाच्या फरशीवर दुसऱ्याच आठवड्यात पाय सरकला, गरम स्टॉकचं पातेलं थोडक्यात हुकलं. मग महाग घेतलेच. म्हणजे खर्च दोनदा झाला.

आमचा मोठा घोळ मात्र ट्रेनिंगमध्ये झाला. कोर्समध्ये चार-पाच महिने हॉटेलात औद्योगिक प्रशिक्षण असतं. भाचीला मिळालेलं हॉटेल दुसऱ्या शहरात होतं, राहायची सोय तिची तिनं करायची, आणि विद्यावेतन इतकं की त्यात खोलीचं भाडंही निघेना. आम्ही हा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. भाऊजींनी क्रेडिट कार्डावर भागवलं आणि त्याचं व्याज शैक्षणिक कर्जाच्या तिपटीहून जास्त पडलं. मी बँकवाला असून हे माझ्या लक्षात आलं नाही, ही बोच अजून आहे.

हे सगळं लिहायचं कारण असं की शैक्षणिक कर्जात नुसती फी नाही, वसतिगृह, गणवेश, साहित्य, पुस्तकं, लॅपटॉप, परीक्षा शुल्क हेही बसतं. पण सुरुवातीच्या अंदाजपत्रकात असेल तरच. संस्थेकडून शिक्का मारलेला वर्षवार खर्चाचा कागद घ्या, आणि त्यात नसलेल्या वस्तूंची दरपत्रकं वेगळी जोडा.

पगारापासून उलटं मोजा

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. कर्ज किती काढायचं ते फीवरून ठरवू नका, पहिल्या पगारावरून ठरवा.

इंजिनिअर आणि शेफ यांच्यात फरक असा की शेफचा पगार खालून, फार हळू चढतो. कॉलेजातून निघालेला मुलगा कॉमी, म्हणजे किचनमधला सगळ्यात खालचा शेफ, म्हणून लागतो. मग डी.सी.डी.पी. (डेमी शेफ द पार्टी, विभागप्रमुखाचा मदतनीस), मग सी.डी.पी. (एका विभागाचा प्रमुख), मग सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा. दहा-बारा वर्षांनी चित्र चांगलं दिसतं, पण हप्ता तेवढं थांबत नाही. भाचीच्या हातात पहिल्या महिन्यात सोळा हजार आठशे आले. दोन वेळचं जेवण हॉटेलात, हा त्यातला दिलासा.

माझा ठोकताळा असा : हप्ता पहिल्या हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. म्हणजे तिच्यासाठी बेचाळीसशे. आता साडेदहा टक्के दर धरा. एक लाखाला महिन्याचा हप्ता ७ वर्षांसाठी साधारण १,६८६ रुपये, १० वर्षांसाठी १,३४९, १५ वर्षांसाठी १,१०५. दहा वर्षांच्या हिशेबानं बेचाळीसशेत तीन लाख बसतात. आमची मर्यादा तिथेच ठरली. उरलेलं, म्हणजे मेस, प्रवास वगैरे, भाऊजींच्या पगारातून आणि ताईच्या भिशीतून.

पण थांबा, तीन लाख हे तीन लाख राहत नाहीत. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो (हीच हप्त्याची सुटी), व्याज मात्र चालू असतं. दरवर्षी एक-एक लाख उचललं तर पहिल्या लाखावर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन वर्षांचं सरळव्याज चढतं. एकूण ९४,५००. ते मुद्दलात मिळालं की हप्ता ४,०४८ वरून ५,३२३ वर जातो.

भाऊजींना मी हा हिशेब वीजबिलाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवला. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं, तर पहिल्या वर्षी दरमहा ८७५, दुसऱ्या वर्षी १,७५०, पुढची दोन वर्षं २,६२५. बेरीज तीच, ९४,५००. पण पुढच्या दहा वर्षांत हप्त्यातून सुमारे एक लाख त्रेपन्न हजार वाचतात. शिवाय शिकत असताना व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. 'ठेला' म्हणणाऱ्या भाऊजींनी ८७५ ची स्थायी सूचना (खात्यातून दरमहा आपोआप रक्कम जाण्याची) दुसऱ्याच दिवशी लावली.

आता दुसरी बाजू बघा. वर्षाला तीन लाख फीचा खासगी चार वर्षांचा कोर्स, सगळं कर्जावर. मुद्दल बारा लाख, सुटीच्या काळाचं व्याज ४ लाख ४१ हजार. पंधरा वर्षांचा हप्ता घेतला तरी महिन्याला सुमारे १८,१४०. कॉमीचा अख्खा पगार गेला, वर घरून पैसे मागवावे लागतील. आणि फेड होईपर्यंत साडेबत्तीस लाखांहून जास्त भरले जातात. त्या कोर्सला नावं ठेवत नाही, वडिलांच्या ठेवी असतील तर खुशाल जावं. पण कर्जावर नको.

परदेशी शाळांचंही हेच. पॅरिसची ल कॉर्दों ब्लू ही १८९५ सालची संस्था, मोह पडणारच. आधी इथे तीन-चार वर्षं काम करून मग जा. तेव्हा काय शिकायचं ते कळतं आणि हप्ता भरायला स्वतःचा पगारही असतो.

कोणत्या योजनेत बसता

बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असले की झालं, आणि पदरचे पैसेही घालावे लागत नाहीत. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के आपले घालायचे. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी निधीचं छत्र आहे, त्याच्यावर गेलात की घर किंवा ठेव तारण. आमचं तीन लाखांत असल्यानं यातलं काहीच लागलं नाही, कर्ज लहान ठेवायचं हेही एक कारण.

व्याजाच्या सवलती दोन. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कोर्स व्यावसायिक किंवा तांत्रिक, संस्था नॅक वा एन.बी.ए. या दर्जा तपासणाऱ्या संस्थांकडून मानांकित अथवा केंद्राच्या निधीवरची असेल, तर अभ्यासकाळ अधिक एक वर्ष, एवढं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. मग वरचं ८७५ चं गणित तुम्हाला नकोच. दुसरी पी.एम. विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. तिच्यात उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांच्या कर्जापर्यंत त्या काळात तीन टक्के व्याजसवलत. पण संस्था त्यांच्या यादीत हवी, आणि प्रवेश गुणवत्तेवर, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. यादी योजनेच्या पोर्टलवर आहे, फी भरण्याआधी बघा. कोर्स मधेच सोडला तर सवलत जाते, हे मुलांना बजावून ठेवा.

छोट्या कोर्ससाठी कौशल्य कर्ज वेगळं असतं. त्याची मर्यादा आधी दीड लाख होती, जुलै २०२४ मध्ये साडेसात लाख झाली. आय.टी.आय. किंवा सरकारच्या कौशल्य पात्रता आराखड्यात बसणारा बेकरीचा कोर्स करणाऱ्यानं शाखेत याच नावानं विचारावं. नुसतं 'एज्युकेशन लोन' म्हटलं की काउंटरवरचा माणूस 'तुमचा कोर्स बसत नाही' म्हणून मोकळा होतो.

शाखेत जाताना

उत्पन्नाचा दाखला लोक सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तो अडतो. बाकी फाइल अशी : प्रवेशपत्र, शिक्क्याचा खर्चाचा कागद, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेचं गुणपत्र, दोघांचे आधार आणि पॅन, पालकांच्या पगारपावत्या किंवा दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं खातेउताऱ्याचं पान, फोटो. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. आणि वडिलांचा सिबिल स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण) महिनाभर आधी स्वतः बघा. भाऊजींच्या नावावर जुन्या टीव्हीच्या हप्त्याचे नऊशे रुपये थकीत दिसत होते, त्यांना पत्ताच नव्हता. ते भरून नोंद दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले.

ज्या शाखेत पगार जमा होतो तिथे पहिल्यांदा जा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे त्याला क्रमांक आणि तारीख मिळते. पहिल्या शाखेत आम्हाला सांगितलं, "हॉटेल लाइनला आम्ही देत नाही." मी शांतपणे म्हटलं, "साहेब, हेच कागदावर द्या." मिळालं नाही. मिळणारही नव्हतं, कारण अर्ज नाकारायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि कारण नोंदवावं लागतं. 'तुमचा पत्ता आमच्या हद्दीत नाही' हे कारणही रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे चालत नाही. आम्ही भांडत बसलो नाही, दुसऱ्या बँकेत गेलो, तीन आठवड्यांत काम झालं. पण तुमच्याकडे दुसरी बँक नसेल तर लेखी उत्तराचा आग्रह धरा. आवाज चढवू नका. मी त्या खुर्चीवर बसलेला माणूस सांगतोय : आरडाओरडा करणारा विसरला जातो, तारीख लिहून घेणारा लक्षात राहतो.

बिगरबँक वित्त कंपन्या चार दिवसांत देतात. दर जास्त, प्रक्रिया शुल्क वेगळं, आणि व्याज बऱ्याचदा पहिल्या महिन्यापासून भरावं लागतं. प्रवेशाची मुदत उद्या संपत असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच.

मंजुरीपत्र पेन्सिल घेऊन वाचा

दर तरता (बदलता) आहे का आणि कशाशी जोडलेला, सुटीच्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ, सुटी कोर्स अधिक एक वर्ष अशीच लिहिली आहे का, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही ना, एवढं खुणा करून बघा. आमच्या पत्रात कोर्सचा कालावधी तीनऐवजी दोन वर्षं टाइप झाला होता. तशीच सही केली असती तर हप्ते वर्षभर आधी सुरू झाले असते. विम्याचा प्रीमियम कर्जात मिसळलेला असेल तर रक्कम विचारा. विमा वाईट नाही, पण तेवढ्याच रकमेचा बाहेर कितीला मिळतो ते पाहून घ्या.

पैसे संस्थेच्या खात्यावर थेट जातात. दरवर्षीच्या उचलीसाठी गुणपत्रिका आणि नवीन फीपावती लागते, ती मुलानं आठवणीनं पाठवायची. साहित्याच्या पावत्या एका पिशवीत. आमची पिशवी ग्वाल्हेरच्या रात्रीच्या गाडीनं तीनदा आली-गेली.

नोकरी लागल्यावर

सुटीचं ते एक वर्ष मोकळं समजू नका. पहिल्या पगारापासूनच हप्त्याएवढी रक्कम वेगळी काढा, म्हणजे सवय होते आणि जे जमतं ते मुद्दलात भरता येतं. नोकरी बदलताना मधे महिना रिकामा जात असेल तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत कळवा, चुकल्यावर नव्हे. किचनमधली मुलं नोकऱ्या फार बदलतात, आणि सिबिल बिघडलं तर पुढे स्वतःचं काही काढायला कर्ज मिळत नाही. जुनी करप्रणाली घेणाऱ्याला भरलेल्या व्याजावर आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, रकमेची मर्यादा नाही. नव्या प्रणालीत ती नाही, तेव्हा दोन्ही हिशेब मांडून बघा. कॉमीच्या पगारावर करच बसत नसेल, तर व्याज सहकर्जदार वडिलांनी भरून वजावट त्यांच्या विवरणपत्रात घेता येते.

शेवटचा हप्ता गेला की बेबाकीचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र मागून घ्या, आणि दोन महिन्यांनी सिबिलमध्ये खातं 'बंद' दिसतंय का ते तपासा. घर तारण ठेवलं असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. भाचीचे अजून साडेसात वर्षांचे हप्ते बाकी आहेत. मागच्या महिन्यात ती डी.सी.डी.पी. झाली आणि तिनं पहिल्यांदाच दोन हप्ते एकदम भरले, त्याची पावती भाऊजींनी मला व्हॉट्सॲपवर पाठवली.